मधुचंद्राचं एक्सेल

भाचीचं लग्न ठरलं. डिसेंबरातली तारीख निघाली, हॉल मिळाला, आणि साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची मेल आली. "मावशी, तू इतिहासाची पुस्तकं वाचत असतेस, युरोपातलं तुला बरंच माहीत असतं. हे जरा बघ ना." सोबत एक एक्सेल फाइल, नाव 'हनिमून फायनल ३'. फायनलच्या पुढे आकडा लागला की ते फायनल नसतं, हे आता मलाही कळायला लागलंय.

फाइल उघडली. जावईबापूंना मार्चएंडच्या आधी रजा नाही, म्हणून प्रवास एप्रिलअखेर. एकूण १२ रात्री. पॅरिस ३, ब्रसेल्स १, ॲमस्टरडॅम १, इंटरलाकेन २, मिलान १, व्हेनिस १, फ्लॉरेन्स १, रोम २. प्रत्येक ओळीत गाडीची वेळ, हॉटेल, बघायच्या जागा आणि फोटो कुठे काढायचे तेसुद्धा! आठ मुक्काम म्हणजे सात वेळा बॅगा भरणं. हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, नव्या गावात खोली मिळेपर्यंत सामान कुठेतरी ठेवायचं, यात दर वेळी अर्धा दिवस जातो. म्हणजे साडेतीन दिवस नुसते बॅगा ओढण्यात.

मी तिला तसं कळवणार होते. पण ती यादी पुन्हा वाचली आणि वेगळाच प्रश्न पडला. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग मिलान, व्हेनिस, रोम... हा क्रम मी आधी कितीदा तरी वाचलाय. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या रोजनिशांमध्ये, पत्रांमध्ये, कादंबऱ्यांमध्ये. पुण्यातल्या एका मुलीने आपल्या लॅपटॉपवर 'स्वतः' आखलेला प्रवास हुबेहूब त्याच वाटेने कसा काय जातो? हा रस्ता नेमका कुणाचा? त्याचा शोध घेता घेता दोन रविवार गेले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात शब्दापासून. मधुचंद्र हा आपला जुना शब्द नव्हे, इंग्रजी हनिमूनचं ते सरळ भाषांतर. इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकापासून सापडतो, पण तेव्हा त्याचा प्रवासाशी काही संबंध नव्हता. लग्नानंतरचा पहिला गोडवा, आणि तो चंद्रासारखा पुढे कमी होत जाणार, असा जरा खवचट अर्थ होता त्यात. प्रवास त्याला चिकटला तो फार नंतर. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातली सुखवस्तू जोडपी लग्नानंतर फिरायला निघत, त्याला 'ब्रायडल टूर' म्हणत. पण त्यात एकांत वगैरे भानगड नव्हती. जे नातेवाईक लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी जाऊन नव्या सुनेला दाखवून यायचं, हा हेतू. बरोबर नवरीची बहीण किंवा एखादी मैत्रीणही असायची. आज हे वाचून हसू येतं.

मला मात्र हसू आलं नाही, कारण मला आमचं लग्न आठवलं. आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? लग्न झालं की देवदर्शन. जेजुरीला खंडोबा, नवऱ्याने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या, मग कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, ज्याचं जे कुलदैवत असेल ते. वाटेत आत्या, मावश्या, काका, सगळ्यांकडे एकेक जेवण आणि एकेक ब्लाऊजपीस. म्हणजे अनेक मुक्कामांचा लग्नप्रवास आपल्याकडे हनिमून हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आम्हीही जेजुरी केली, कोल्हापूर केलं, आणि येताना चार दिवस महाबळेश्वरला राहिलो. नणंद बरोबर होती. तिची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि सासूबाई म्हणाल्या, तेवढाच तिलाही बदल. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही... निदान तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

तर, इंग्रज जोडपी नातेवाइकांच्या घरून निघून थेट पॅरिस आणि व्हेनिसला कशी पोहोचली? त्याचं उत्तर प्रेमात नाही, रेल्वेत आहे.

थॉमस कुक हा मूळचा सुतारकाम करणारा माणूस, बॅप्टिस्ट धर्मप्रचारक आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. १८४१ च्या जुलैत त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे ५०० माणसं एक शिलिंग भाड्यात रेल्वेने नेली. त्यातून पुढे धंदा उभा राहिला. १८६३ मध्ये त्याने पहिली मंडळी स्वित्झर्लंडला नेली, पुढच्याच वर्षी इटलीला. स्वित्झर्लंडच्या त्या पहिल्या सहलीत जेमायमा मॉरेल नावाची एक तरुणी होती, तिने रोजनिशी लिहून ठेवली. पॅरिसवरून जिनिव्हा, मग डोंगर, मग इंटरलाकेन. पहाटे उठायचं, दिवसभर चालायचं, रात्री पुढचं गाव गाठायचं. भाचीच्या एक्सेलचीच दमछाक, फक्त लांब झगे घालून!

कुकचं खरं डोकं दिसतं ते पुढे. १८६८ पासून त्याने हॉटेलांची कुपनं काढली. पैसे घरीच भरायचे आणि परक्या गावात खोली आणि जेवण कुपनावर घ्यायचं. १८७४ मध्ये त्याने सर्क्युलर नोट काढली. ट्रॅव्हलर्स चेकची ही पूर्वज, ठरावीक हॉटेलांत आणि बँकांत वटवता येणारी. परक्या भाषेत घासाघीस करायला घाबरणाऱ्या नवख्या जोडप्याची यामुळे केवढी सोय झाली असेल! पण सोय आली की तिच्याबरोबर रस्ताही ठरून येतो. जिथे कुपन चालतं तिथेच माणूस उतरणार ना.

आणि रूळ असतील तिथेच जाणार. १८४६ मध्ये खाडीवरून रेल्वेचा पूल झाला आणि व्हेनिस जमिनीला जोडलं गेलं. १८७१ मध्ये आल्प्सखालचा फ्रान्स आणि इटलीला जोडणारा माँ सेनीचा बोगदा खुला झाला, १८८२ मध्ये स्वित्झर्लंडातला गोथार्डचा, १९०६ मध्ये सिंप्लॉनचा. एकेक बोगदा झाला आणि पॅरिस, स्वित्झर्लंड, मिलान, व्हेनिस ही गावं एका माळेत ओवल्यासारखी झाली. भाची इंटरलाकेनहून मिलानला ज्या गाडीने जाणार आहे ती अजूनही सिंप्लॉनच्याच बोगद्यातून जाते. म्हणजे तिच्या हनिमूनचा निम्मा आराखडा इंजिनियरांनी आणि सुरुंग लावणाऱ्या मजुरांनी तिच्या खापरपणजीच्या काळातच करून ठेवला होता म्हणायचं.

हा रस्ता आपल्यापर्यंतही लवकर आला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून युरोप जवळ आलं. १८८१ मध्ये कुकच्या कंपनीने मुंबईत कचेरी थाटली. पण जाणार कोण? समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त, असा तो काळ. तरी १८८७ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड प्रकृतीसाठी म्हणून युरोपला गेले आणि महाराणी चिमणाबाईंना बरोबर घेऊन गेले. त्यांचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याला मधुचंद्र कुणी म्हटलं नाही, आणि राजाराणीचा लवाजमा बघता एकांताचा प्रश्नच नव्हता. पण एका मराठी घरातलं तरुण जोडपं युरोपात फिरतंय, याची सुरुवात मला तिथे दिसते.

आता एक गोष्ट सांगते, जी भाचीला सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

'मिडलमार्च' ही जॉर्ज इलियटची कादंबरी १८७१-७२ मध्ये आली. तिच्यातली डोरोथिया लग्नानंतर नवऱ्याबरोबर रोमला जाते. नवरा वयाने खूप मोठा, अभ्यासू. तो दिवसदिवस व्हॅटिकनच्या ग्रंथालयात बसतो आणि ती त्या अफाट, परक्या शहरात एकटी पडून रडते. लग्नात आपली चूक झाली, हे तिला घरी कळत नाही, रोममध्ये कळतं. जॉर्ज इलियट हे टोपणनाव, लेखिका मेरी ॲन इव्हान्स. तिने स्वतः लग्न केलं ते ६ मे १८८० रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन क्रॉसशी. दोघं त्याच ठरलेल्या वाटेने निघाली. पॅरिस, मिलान, व्हेरोना करत व्हेनिसला पोहोचली. तिथे १६ जून रोजी क्रॉसने हॉटेलच्या सज्जातून ग्रँड कॅनॉलमध्ये उडी मारली. गोंडोलावाल्यांनी त्याला बाहेर काढलं. तो वाचला, पुढे ठीकही झाला. का मारली उडी, यावर चरित्रकार आजही वाद घालतात. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ती वारली.

यातून कुठलंही तात्पर्य काढायचं नाही. एक मात्र खरं, प्रवास माणसांना जवळ आणतोच असं नाही. घरात दहा माणसं असतात, कामं असतात, एकमेकांपासून बाजूला व्हायला जागा असते. परदेशातल्या खोलीत तसं काही नसतं. भाची आणि तिचा होणारा नवरा एका विवाहजुळणीच्या साइटवरून भेटले. आतापर्यंत सात वेळा भेटलेत, तेही बहुतेक कॉफी शॉपमध्ये. आठ शहरांची ही रांग बघताना मला वाटलं, रिकामा वेळ उरू नये म्हणून तर ही दोघं एवढी गावं भरत नाहीयेत ना?

बरं, जॉर्ज इलियटच्या काळात एक सुख होतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्ट विचारत नसत. तिकीट काढायचं आणि निघायचं. पहिल्या महायुद्धाने हे संपवलं. युद्धात हेरांच्या भीतीने पासपोर्ट सक्तीचे झाले आणि युद्ध संपलं तरी गेले नाहीत. भारतात येणाऱ्याला पासपोर्ट हवा, असा कायदा १९२० मध्ये झाला. आणि त्या काळात कित्येक देशांत बायकोला वेगळा पासपोर्टच नसे. नवऱ्याच्या पासपोर्टात 'सोबत पत्नी' अशी नोंद. तेवढ्यावर तिला एकटीला कुठे जाता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दोन कुलपं होती. एक पासपोर्टचं, दुसरं पैशाचं. पासपोर्ट हा हक्क नव्हता, द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला मनमानी करता येणार नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत पासपोर्टचा कायदा आला, तोच आजही चालू आहे. पैशाचं कुलूप मात्र अजून घट्ट झालं. १९७३ चा फेरा कायदा १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. परकीय चलन म्हणजे देशाचं रक्त, ते कुणाच्या मौजेसाठी सांडायचं नाही, ही तेव्हाची धारणा. सत्तरच्या दशकात परदेशी गेलेल्या लोकांच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर' हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. आठ डॉलरमध्ये मधुचंद्र सोडा, विमानतळावरून गावात जायची पंचाईत.

आणि गंमत अशी, की नेमक्या याच बंदिस्त काळात परदेशातल्या मधुचंद्राचं स्वप्न आपल्या घराघरांत शिरलं. राज कपूरचा 'संगम' आला १९६४ मध्ये. जवळजवळ चार तासांचा, दोन मध्यंतरांचा सिनेमा. त्यात सुंदर आणि राधा लग्नानंतर युरोपात जातात. व्हेनिसचे गोंडोले, पॅरिस, स्वित्झर्लंडचा बर्फ, सगळं रंगीत. म्हणजे पुन्हा कुकचाच रस्ता! थिएटरात बसलेल्या हजारातल्या एकालाही तिथे जाणं शक्य नव्हतं. बहुतेकांकडे पासपोर्ट नाही, असला तर डॉलर नाहीत. कदाचित म्हणूनच ते इतकं मनात बसलं. आमच्या ह्यांनी तो सिनेमा शाळेत असताना पाहिला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावात होडीत बसलो तेव्हा म्हणाले, "हेच आपलं व्हेनिस." समोर नणंद भाजलेलं कणीस खात होती.

'संगम'मधला एक तपशील मला आत्ता नव्याने जाणवला. स्वित्झर्लंडमध्ये गोपाळसुद्धा येऊन पोहोचतो, सुंदरच्याच आग्रहाने. मधुचंद्राला तिसरा माणूस! इंग्रजांची ब्रायडल टूर, आमची नणंद आणि हा गोपाळ, सगळे एकाच माळेचे मणी. नवं जोडपं म्हणजे अजून दोघांचं झालेलं नसतं, ते सगळ्यांचं असतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा तळाला गेला, सोनं गहाण पडलं, आणि मग दारं उघडायला लागली. फेरा जाऊन १ जून २००० पासून फेमा आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरवरून अडीच लाख, एका आयुष्याच्या आत! दरम्यान तिकडेही दारं उघडत होती. १९८५ च्या जूनमध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीत उभ्या केलेल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपसातली तपासणी बंद करायचा करार केला. तो अमलात आला २६ मार्च १९९५ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' लागला, युरोपच्या रेल्वेत फिरणाऱ्या मुलामुलींचा. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये आलं ते डिसेंबर २००८ मध्ये. तोवर पॅरिसहून इंटरलाकेनला जायचं तर वेगळा व्हिसा काढावा लागायचा. यश चोप्रांच्या सिनेमांमधून त्या देशाची इतकी जाहिरात झाली, की २०१६ मध्ये इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. भाचीच्या यादीत 'पुतळ्यासोबत फोटो' अशी ओळ आहेच.

तेव्हा रस्ता कुणाचा याचं उत्तर मिळालं. थोडा नातेवाइकांचा, थोडा कुकचा, थोडा बोगदे खणणाऱ्यांचा, थोडा राज कपूरचा. आणि आता थोडा व्हिसाच्या नियमांचा. शेंगेनचा नियम असा, की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. ते ठरवता येत नसेल तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. भाचीच्या आठ मुक्कामांत फ्रान्स ३ रात्री, इटली ५, म्हणजे अर्ज इटलीकडे. ती मात्र फ्रान्सची अपॉइंटमेंट शोधत बसली होती, कारण विमान पॅरिसला उतरतं! शिवाय किमान ३०,००० युरोचा विमा हवा. आणि एक गोष्ट मी लाल अक्षरात लिहून पाठवली. लग्नात तांदळात नवं नाव लिहितील ते लिहू देत, पण विमानाचं तिकीट पासपोर्टावर जे नाव आहे त्याच नावाने काढायचं.

हे सगळं झालं, तरी आठ मुक्कामांचं काय? नुसतं 'कमी कर' म्हणून ती ऐकणारी नव्हती. म्हणून तिला आणखी एक गोष्ट सांगितली, अगाथा ख्रिस्तीची. ती तिने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

अगाथाचं दुसरं लग्न सप्टेंबर १९३० मध्ये झालं, मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्ववाल्याशी. ती चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो २६ वर्षांचा. प्रवास सगळा त्याने आखला. व्हेनिस, मग युगोस्लाव्हियाचा किनारा, मग ग्रीस. व्हेनिस आणि किनारा सुखात पार पडला. ग्रीसमध्ये मात्र मॅक्समधला अभ्यासक जागा झाला. एकेक अवशेष, एकेक देऊळ. एके दिवशी खेचरावर बसून चौदा तासांचा प्रवास. अगाथा इतकी थकली आणि चिडली, की आपण या माणसाशी लग्नच करायला नको होतं असं तिला वाटायला लागलं! मॅक्स घाबरला, पुढचं वेळापत्रक त्याने सैल केलं. शेवटी अथेन्सला तिला अन्न बाधलं आणि ती आजारी पडली. पण मॅक्सची रजा संपत आली होती. उरच्या उत्खननावर लिओनार्ड वूलींकडे ठरलेल्या तारखेला हजर व्हायचं होतं. आजारी बायकोला सोडून तो गेला. आणि तिकडे पोहोचून बघतो तर वूली पतिपत्नी अजून आलेलेच नव्हते, ते काही दिवसांनी उगवले. इतकं होऊनही हे लग्न टिकलं, अगाथा १९७६ मध्ये वारली तोवर, ४५ वर्षं. मला वाटतं, मॅक्सने वेळापत्रक सैल केलं त्या दिवसाचा त्यात वाटा असणार.

मेलच्या शेवटी मी भाचीला आमच्या महाबळेश्वरचं लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आठ दिवसांत जेजुरी, कोल्हापूर, सहा नातेवाइकांची घरं आणि महाबळेश्वरचे सगळे पॉइंट झाले. आज त्यातला एकही पॉइंट मला नीट आठवत नाही. आठवते ती एक दुपार. नणंदेचं डोकं दुखत होतं, म्हणून ती खोलीत झोपली. कुठे जायचं ठरलेलं नव्हतं. आम्ही दोघं हॉटेलच्या मागच्या पायरीवर बसलो आणि दोन-अडीच तास बोललो. त्यांच्या वडिलांचं कर्ज, त्यांची सुटलेली नोकरी, माझं अर्धवट राहिलेलं एम.ए. लग्न ठरताना दोन्ही घरांनी जे झाकून ठेवलं होतं ते सगळं त्या दुपारी बाहेर आलं. मी खरं म्हणजे तेव्हा लग्न केलं. नणंदेच्या डोकेदुखीचे उपकार आहेत माझ्यावर.

आठवडाभर तिचं काही उत्तर नाही. वाटलं, मावशीने फारच भाषण ठोकलं. मग 'हनिमून फायनल ७' आलं. पॅरिस ४, इंटरलाकेन ३, व्हेनिस ५. ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, मिलान, फ्लॉरेन्स आणि रोम गेले. रोम सोडताना तिला वाईट वाटलं असणार, ती ओळ पुसलेली नाही, नुसती रेघ मारली आहे. अर्ज इटलीकडेच. व्हेनिसच्या पाच दिवसांपैकी दोन ओळी कोऱ्या आहेत. गाडी नाही, तिकीट नाही, फोटोची जागा नाही.

फाइल तिच्या सासूबाईंनीही पाहिली म्हणे. त्यांनी विचारलं, "या दोन दिवशी काय बघणार गं?" ती काय बोलली ते तिने मला लिहिलेलं नाही. असो. जेजुरीचं मात्र नक्की ठरलंय, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, सगळ्यांनी मिळून. मीही जाणार आहे.